पाळण्याचं माप

आमच्या घरमालकांना कुठलीही वस्तू हलवून बघितल्याशिवाय चैन पडत नसे. खुर्चीवर बसण्याआधी ते तिची पाठ धरून दोनदा हलवत. रिक्षात बसण्याआधी रिक्षा हलवत. एकदा शेजारच्या मुलीच्या लग्नात त्यांनी स्टेजचा खांब असा काही हलवला की भटजी मंगलाष्टकं म्हणायचे थांबले. वस्तू जराशी जरी हलली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे आणि तोंडातून एकच शब्द निघे, "डुगडुगतंय." त्या वस्तूनं चारचौघांत काहीतरी लाज आणली आहे, असा त्यांचा सूर असे.

मी त्यांना काका म्हणायचे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून आलेला प्रत्येक पार्ट त्यांच्या टेबलावर येई, ते तो मापत आणि एक तर पास करत, नाही तर लाल ट्रेमध्ये टाकत. "माझ्या हातून गेलेला पार्ट कधी परत आला नाही," हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकायचे. नोकरी संपून चौदा वर्षं झाली होती, पण लाल ट्रे त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. भाजीवाल्याचा दुधी रिजेक्ट व्हायचा, महापालिकेचा फुटपाथ रिजेक्ट व्हायचा, आणि घर पाडून टॉवर बांधू म्हणणारे बिल्डरचे लोक तर फाटकातूनच रिजेक्ट व्हायचे. "तुमच्या त्या समोरच्या बिल्डिंगच्या जिन्याचा कठडा मी हलवून बघितलाय," एवढंच ते त्यांना सांगायचे आणि फाटक लावून घ्यायचे.

घर डोंबिवली पूर्वेला, खाली ते आणि वर भाडेकरू. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी ना पगार विचारला ना गाव. "दार लावून दाखवा," म्हणाले. माझ्या नवऱ्यानं दार लावलं, धाडकन वाजलं. मग मी लावलं. काकांनी मान डोलावली आणि नवऱ्याकडे न बघता मला म्हणाले, "ठीक आहे. या घरात दार तुम्ही लावत जा." अशा रीतीनं आम्ही पास झालो.

ते सगळ्यांना अहो-जाहो करत. दूधवाल्याच्या पोराला, फाटकात आडवं पडणाऱ्या मांजरीलाही. "अहो, उठा, गाडी यायचीय," असं ते तिला म्हणत आणि ती उठेपर्यंत थांबत.

माझा नवरा जहाजावर नोकरीला. तो नऊ महिन्यांच्या कराराला गेला आणि तीन आठवड्यांनी मला कळलं की मला दिवस गेलेत. आई माझी लग्नाआधीच गेलेली. सासूबाई साताऱ्याकडे गावाला, सासरे अर्धांगवायूनं अंथरुणावर, त्यामुळे त्यांना घर सुटत नव्हतं. मी घरूनच काम करायचे, महिन्यातून दोनदा वागळे इस्टेटच्या ऑफिसात जायचे. दिवसभर लॅपटॉपवर बोलून बोलून घसा दुखायचा आणि तरी संध्याकाळी वाटायचं, आज आपण कुणाशीच बोललो नाही.

नवरा जहाजावर गेला त्या दिवसापासून काकांनी एक नियम केला. ते वर येत, पण वरून तिसऱ्या पायरीवर थांबत. तिथूनच पाण्याची वेळ सांगत, तिथूनच कुरियर हातात देत. मी एकदा म्हटलं, "काका, आत या ना, चहा घ्या." तर म्हणाले, "घरात पुरुष माणूस नाही. मी आत येणं बरं दिसत नाही." वय वर्षं चौऱ्याहत्तर! मला हसू आलं, पण त्यांना आलं नाही. शेवटी मीच चहाचे दोन कप घेऊन वरच्या पायरीवर बसायला लागले, ते तिसऱ्या पायरीवर उभे. रोज संध्याकाळी अर्धा तास. त्या अर्ध्या तासासाठी मी दुपारपासून घड्याळ बघायचे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्यांच्या बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिच्याबद्दल ते बोलत नसत. बोललेच तर "आमच्या ह्या" म्हणत आणि वाक्य लवकर संपवत. पण दुपारी जेवताना त्यांचा आवाज खिडकीतून वर येई. "आज आमटीला मीठ जास्त झालंय." मग थोडा वेळ शांतता. मग, "चालेल, चालेल." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कुणी पाहुणे आलेत. पुढे कळलं की कुणीच येत नाही. मी माझं ताट खिडकीजवळ घेऊन बसायला लागले. खालून आमटीची खबर यायची आणि वर मी एकटी जेवायचे.

एकदा ऑफिसात असताना मी तिसऱ्या मजल्यावरून खाली बघितलं तर काका समोरच्या रस्त्यावर. त्यांचा कारखाना होता तिथं आता काचेची इमारत आहे. तिच्या फाटकाशी ते डबा हातात घेऊन उभे होते. वॉचमननं त्यांना स्टूल दिलं. त्यांनी ते हलवून बघितलं आणि बसून पोळीभाजी खाल्ली. एकची वेळ, म्हणजे कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीची. मी खाली जाऊन हाक मारायला हवी होती. मी गेले नाही, कारण मला वाटलं त्यांना ओशाळल्यासारखं होईल. आता काका नाहीत, गेल्या वर्षी गेले, आणि मला वाटतं की त्यांना मुळीच ओशाळल्यासारखं झालं नसतं. त्यांनी मला कारखान्याचं फाटक कुठे होतं ते दाखवलं असतं.

सातव्या महिन्यात डॉक्टर म्हणाल्या, बाळ आडवं आहे, बहुतेक सिझर करावं लागेल, नंतर दीड महिना वाकायचं नाही, उचलाउचल करायची नाही. मी मनात हिशेब केला. सासूबाई येणार, पण बारसं झालं की त्यांना परत जावं लागणार. नवऱ्याचं जहाज लांबलं होतं, तो यायच्या आत बाळ दोन महिन्यांचं होणार. मधले दिवस मी, बाळ आणि पोटावरचे टाके. रडणाऱ्या बाळाला उचलून घेणारं दुसरं कुणी घरात नसणार. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "अगं, बेडसाइड कॉट घे ना. एक बाजू ओपन असते, आपल्या बेडला चिकटून लावायची. बाळाला उचलायचंच नाही, नुसतं सरकवून घ्यायचं." मला त्या दिवशी इतकं हायसं वाटलं की मी बसमध्ये रडले.

सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बाळ यायच्या आधी घरात पाळणा आणायचा न्हाई हां. आधी बाळ, मग पाळणा." मी ते जिन्यावर काकांना सांगितलं. चिडूनच सांगितलं. ऑपरेशन करून आल्यावर मी काय दुकानं हिंडत बसू?

काकांनी विचार केला. "आणायचा नाही ना? बघायला कुणी मनाई केलीय?"

दुसऱ्या दिवशी ते तिसऱ्या पायरीवर एक बोचकं घेऊन हजर. उशीच्या जुन्या अभ्र्यात गहू भरून तोंड शिवून टाकलं होतं. "तीन किलो," ते म्हणाले. "डॉक्टरांचा अंदाज तेवढाच आहे ना? रिकामा पाळणा हलवून काय कळणार? आणि रिकामा पाळणा हलवूही नये म्हणतात. दोन्ही बाजूंनी सोय झाली."

अशी आमची वरात निघाली. सात महिन्यांचं पोट घेऊन मी, आणि गव्हाचं बोचकं छातीशी धरून काका. ते बोचकं ते पिशवीत घालत नसत. "गहू एका टोकाला जातात," असं त्यांचं म्हणणं. रिक्षात बायका वाकून बघायच्या आणि चेहरा नसलेलं बाळ बघून दचकायच्या.

कल्याणच्या दुकानातली कॉट चाकांची होती. "बाळाला कुठे प्रवासाला जायचंय?" काका म्हणाले, आणि आम्ही बाहेर. ठाण्याचं दुकान मोठं, एसी, सेल्सगर्ल अगदी गोड. तिनं एक परदेशी कॉट दाखवली, पाच पातळ्यांवर वरखाली होणारी. "काका, बघा ना, तुमच्या बेडची हाइट काहीही असू दे, ही मॅच होते." काकांनी गहू आत ठेवले. "अहो, जरा पडा हं," असं गव्हांना म्हणाले आणि कॉट हलवली. मग चक्क फरशीवर उताणे झोपले आणि खालून तिचे सांधे बघायला लागले. एक तरुण जोडपं त्यांना ओलांडून गेलं. खालून आवाज आला, "डुगडुगतंय."

"काका, इतकं तर सगळ्याच हलतात," मी म्हटलं. मला ती आवडली होती.

"जिथं सरकतं तिथं डुगडुगतं. पाच खाचा म्हणजे पाच भानगडी."

ते उठून कपडे झटकत होते तेव्हा ती मुलगी मला म्हणाली, "तुमचे पप्पा किती केअरिंग आहेत हो." मी म्हटलं, "हो ना." काकांनी ऐकलं. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "तुम्ही त्यांना खोटं सांगितलंत."

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि गव्हाचं बोचकं या हातातून त्या हातात घेतलं.

शेवटी विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाहेर उल्हासनगरच्या बाजूला एक फर्निचरवाला सापडला. तो म्हणाला, "अंकल, जैसा बोलो वैसा बनाएगा. अप-डाऊन वाला बनाऊँ?" काका म्हणाले, "नको. सागवान, पाय पक्के, हललं तर घेणार नाही." प्रश्न उरला पलंगाच्या उंचीचा. मी म्हटलं, घरी गेल्यावर टेपनं मोजून सांगते. काकांना ते मानवलं नाही. "तुम्ही वाकायचं नाही. आणि दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर मी चौतीस वर्षांत सही केलेली नाही."

"मग तुम्ही या आत आणि घ्या माप."

"तुमच्या झोपायच्या खोलीत?" ते असे बघायला लागले की मीच गोरीमोरी झाले. मग म्हणाले, "गरज नाही. वरचा पलंग आणि माझा पलंग एकाच सुतारानं एकाच दिवशी केलेत. आमच्या लग्नातले. गाद्याही एकदमच भरून घेतल्यात. मी माझा मोजतो." आणि त्यांनी आपला पलंग तीन वेळा मोजून विठ्ठलवाडीला माप दिलं. तयार कॉट बघायला ते एकटेच गेले, गहू घेऊन. परत आले ते खुशीत. "पास," म्हणाले. मी त्यांना पहिल्यांदाच तो शब्द एखाद्या बाहेरच्या वस्तूबद्दल वापरताना ऐकलं.

मुलगी झाली. सिझरच करावं लागलं. पाचव्या दिवशी मी घरी आले, त्याच दिवशी सकाळी टेम्पोनं कॉट आली. सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, कॉट पलंगाला लावून ठेवली, आत दुपटी अंथरून बाळाला ठेवलं. मी कशीबशी आडवी झाले. कुशीवर वळून बाळाला माझ्याकडे सरकवायला हात पुढे केला आणि तो कडेला अडला. कॉट माझ्या गादीपेक्षा चार बोटं उंच होती. बाळ एका ओट्यावर आणि मी खाली. सरकवलं असतं तर ते त्या कडेवरून गादीवर आदळलं असतं. उचलूनच घ्यावं लागणार होतं, आणि नुसती कोपरावर रेलले तर टाक्यांतून कळ मस्तकात जात होती.

"कसं काय?" बाहेरून, तिसऱ्या पायरीवरून, आवाज आला.

"आत या भाऊ," सासूबाईंनी हाक मारली. "मी हाय की घरात."

काका पहिल्यांदा आत आले. चपला बाहेर काढून, डोळे खाली घालून. त्यांना बघताच माझा तोल गेला. पाच दिवसांचं जागरण, दुखणं, नवऱ्याचा न लागणारा फोन, सगळं त्यांच्यावर निघालं. "काका, ठाण्याला वरखाली होणारी कॉट समोर ठेवली होती. तुम्ही ती घेऊ दिली नाहीत. आत येऊन एकदा माप घेतलं असतंत तर काय बिघडलं असतं? पुढच्या आठवड्यात या आई गावाला परतल्या की मी हिला कशी उचलू, ते सांगा. तुमच्या हट्टापायी माझे हाल होणार आहेत."

"अगं, वडील माणसं हायत," सासूबाई पुटपुटल्या.

काकांनी कॉट हलवली नाही. ते जवळ आले, माझ्या गादीच्या कडेवर हाताची बोटं आडवी ठेवली आणि बघितलं. चारही बोटं बरोबर बसली. बराच वेळ ते त्या बोटांकडेच बघत होते.

"माप चुकलं," ते म्हणाले. आणि निघून गेले.

सासूबाई म्हणाल्या, सुताराला बोलवून पाय कापून घेऊ, पण बारशाच्या आत बाळाच्या लाकडाला करवत लावायची न्हाई. आणि बारशाच्या दुसऱ्या दिवशी तर त्या निघणार होत्या. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. खालून काहीतरी लोखंडी ओढल्याचा आवाज येत होता, मध्येच धप्प असं काहीतरी पडत होतं. मला वाटलं, रागानं आदळआपट करतायत. करू देत, म्हटलं.

दोन तासांनी काका वर आले. या वेळी न विचारता आत आले. एका हातात समोरच्या गॅरेजमधून आणलेला गाडीचा जॅक, दुसऱ्या हातात पिशवी. शर्ट घामानं भिजलेला.

"पाळणा बरोबर आहे," ते म्हणाले. "पलंग बुटका आहे. ताईंना जरा खुर्चीवर बसवा."

पिशवीतून त्यांनी लाकडाचे चार ठोकळे काढले. जुने, काळपट पडलेले, पण कडा अजून सरळ. प्रत्येकाच्या डोक्यावर एक खाच कोरलेली. त्यांनी पलंगाच्या एका कोपऱ्याखाली जॅक लावला, दांडा फिरवला, पाय वर उचलला आणि खाली ठोकळा सरकवला. पाय खाचेत असा बसला की जणू तिथंच वाढलाय. मग दुसरा कोपरा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघ्यांवर रांगत ते पलंगाभोवती फिरले. सासूबाई बघत होत्या. त्यांना राहवलं नाही. "भाऊ, दोन तासांत एवढ्या मापाच्या खाचा कशा कोरल्या?"

"आज नाही कोरल्या." काकांनी मान वर केली नाही. "आमच्या ह्यांचे गुडघे गेले तेव्हा केले होते. बुटक्या पलंगावरून त्यांना उठवत नसे. चार बोटं वर घेतला, मग मी हात दिला की उठायच्या." जॅकचा दांडा दोन वेळा फिरला. "चादर खालपर्यंत असते, ठोकळे दिसत नाहीत. मी विसरलोच होतो. नऊ वर्षं त्यावरच झोपतोय, मला वाटलं पलंग एवढाच असतो."

चौथा ठोकळा बसला. त्यांनी सासूबाईंना मला आडवं करायला सांगितलं आणि स्वतः पाठ फिरवून, तोंड भिंतीकडे करून उभे राहिले.

मी कुशीवर वळले. दुपट्याची कड धरली आणि ओढली. मुलगी झोपेतच, एका सरळ रेषेत, माझ्या छातीशी आली. पोटाला साधी कळसुद्धा आली नाही.

"आल्या का?" काकांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"आली," मी म्हटलं.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "भाऊ, बसा, चहा टाकते. पण तुमचा पलंग आता बुटका झाला की हो. या वयात तुम्हाला उठायला तरास."

काकांनी जॅक उचलला, पिशवीची घडी घातली. "मी उठेन कसाही," ते म्हणाले. "मला आता कुणाला उठवायचं नसतं."

आणि ते एकेक पायरी सांभाळत खाली गेले. मला त्यांची माफी मागायची होती. पण मुलगी प्यायला लागली होती, म्हटलं, उद्या मागू. त्यानंतर दीड वर्ष आम्ही त्या घरात राहिलो, रोज संध्याकाळी भेटलो, जगभरच्या गोष्टी बोललो. ती माफी मात्र मी मागितली नाही.